डेट्रॉइटची मूठ, सेवाग्रामचा चरखा

वर्धा,
१८ ऑगस्ट २०२५

प्रिय सुधाकर,

तुझा मेल वाचला. बाप-लेकाच्या भांडणात मला पंच नेमलंत, आभारी आहे. पंचाला दोन्हीकडून शिव्या बसतात हे ठाऊक असूनही काम पत्करतो.

तुझ्या पोराचं म्हणणं असं, की २०२४ च्या नोव्हेंबरात टेक्ससमध्ये अठ्ठावन्न वर्षांचा बॉक्सर माइक टायसन त्या यूट्यूबवाल्या जेक पॉलशी लढला, तेव्हा नेटफ्लिक्सच्या सांगण्याप्रमाणे दहा कोटींवर लोक बघत होते. मग मोहम्मद अलीचं कौतुक अजून किती दिवस? आणि तुझं म्हणणं, अली तो अली, पुढे बोलायचं नाही. माझा दोघांनाही एकच सवाल आहे. बघणारे किती होते ते राहू दे. लढत संपल्यावर कोणाची मान ताठ झाली?

तुमच्या डेट्रॉइटच्या भर चौकात बॉक्सर जो लुईचा तो ब्राँझचा हात टांगलाय ना, चोवीस फूट लांब, मूठ आवळलेला, तिथून सुरुवात करू. (इकडे सेवाग्रामला आता भलामोठा चरखा उभा केलाय. मुठीवर निकाल द्यायला तू चरख्याच्या गावचा माणूस निवडलास, आता भोग.) लुईला १९३६ साली जर्मनीच्या श्मेलिंगनं हरवलं होतं. २२ जून १९३८ ला न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये लुईनं त्याला १२४ सेकंदांत झोपवलं. श्मेलिंग नाझी पक्षाचा सभासद नव्हता, पण हिटलरच्या राजवटीनं त्याला आपल्या वंशाचा नमुना म्हणून मिरवलं होतं. त्या रात्री रेडिओला कान लावून बसलेल्या काळ्या वस्त्यांत दिवाळी झाली, आणि ज्या गोऱ्यांनी लुईला आपल्या पंगतीला बसू दिलं नसतं, त्यांनीही तो विजय आपलाच मानला.

आता टायसन बघ. १९८६ मध्ये विसाव्या वर्षी जगज्जेता. १९८८ मध्ये स्पिंक्सला त्यानं ९१ सेकंदांत आडवा केला. म्हणजे घड्याळ लावून बसलं तर टायसन लुईच्या ३३ सेकंद पुढे! पण त्या ९१ सेकंदांनी कोणाचं काय बदललं? माणसं थक्क झाली, घाबरली आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागली. आपल्याकडे त्याची कीर्ती कुठवर पोचली, तर कुत्र्यांपर्यंत. आजही एखाद्या फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध’ अशी पाटी दिसली, की आतला बहुतेक टायसनच निघतो. अलीचं नाव कुत्र्याला ठेवलेलं मी तरी ऐकलं नाही बाप्पा.

अलीपर्यंत मी वर्ध्याच्या रस्त्यानं जातो, कारण मला तोच जवळचा. १७ ऑक्टोबर १९४० ला विनोबांनी पवनारला भाषण केलं, की दुसऱ्या महायुद्धाला मदत करू नका. गांधीजींच्या व्यक्तिगत सत्याग्रहातले ते पहिले सत्याग्रही. चार दिवसांनी सरकारनं त्यांना उचललं. त्याच युद्धात, १९४२ च्या जानेवारीत, जो लुई सैन्यात भरती झाला. दोन लढतींची कमाई त्यानं नौदलाच्या आणि लष्कराच्या मदतनिधींना देऊन टाकली आणि तो देशाचा लाडका झाला. पंचवीस वर्षांनी, २८ एप्रिल १९६७ ला, ह्यूस्टनच्या भरती केंद्रात अलीचं नाव पुकारलं, तर हा जागचा हलला नाही. व्हिएतनामच्या लढाईला जाणार नाही म्हणाला. अजिंक्यपद गेलं, परवाने गेले, पाच वर्षांची सजा सुनावली गेली. जामिनावर बाहेर राहिला खरा, पण साडेतीन वर्षं रिंगण बंद. तीही ऐन पंचविशीतली! १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सजा रद्द केली; वर्षं कोण परत देणार?

कीर्तीच्या हिशेबात इथेच गंमत आहे. आपापल्या ऐन काळात मोजलं, तर लुई अलीहून मोठा भरेल. १९६७ मध्ये निम्मी अमेरिका अलीला देशद्रोही म्हणत होती. १९९६ ला अटलांटात थरथरत्या हातानं त्यानं ऑलिंपिकची ज्योत पेटवली, तेव्हा तोच देश डोळे पुसत होता. मधल्या एकोणतीस वर्षांत त्यानं मारलेल्या ठोशांपेक्षा त्याच्या त्या नकारानं जास्त काम केलं. पवनारच्या शेजारी राहणाऱ्याला हे कळायला बॉक्सिंग कळावं लागत नाही.

आता आपल्याकडचं बघ. आपल्या मातीत मान कुस्तीला, हे तुला सांगायला नको. विदर्भ केसरी रामदास तडस देवळीच्या आखाड्यातून निघाले ते थेट लोकसभेत पोचले. बॉक्सिंग आपल्याकडे फार उशिरा आलं, आणि घरोघरी आलं ते पोरींच्या पायांनी. मेरी कोम २०१० पर्यंत पाचदा जगज्जेती झाली होती, पण ऑलिंपिकमध्ये बायकांचं बॉक्सिंगच नव्हतं, म्हणून देशाला तिचा पत्ता नव्हता. २०१२ ला लंडनमध्ये ते आलं, तिला कांस्य मिळालं, दोन वर्षांत सिनेमा आला आणि नाव चुलीपर्यंत पोचलं. मग २०२१ मध्ये आपल्या नागपूरच्या अल्फिया पठाणनं पोलंडमध्ये युवा जागतिक सुवर्ण जिंकलं, पुढच्याच वर्षी पुण्याच्या देविका घोरपडेनं स्पेनमध्ये. या पोरींना बघणारे जेक पॉलच्या पासंगालाही पुरणार नाहीत. पण ‘पोरीच्या जातीनं मारामारी कशाला?’ म्हणणाऱ्या घराला उत्तर म्हणून दाखवायला आता दूरचं मणिपूर लागत नाही, नागपूर पुरतं. मान ताठ होणं म्हणतो ते हेच.

आणि सांगणारा नसला तर कीर्ती कशी कुजते, तेही ऐक. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यातले बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले, हातमोजे सुटले, पोहायला लागले आणि १९७२ ला हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये देशाचं पहिलं सुवर्ण आणलं. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. लोकांना नाव कळलं २०२४ मध्ये, तेही ‘चंदू चॅम्पियन’मध्ये कार्तिक आर्यननं त्यांची भूमिका केली म्हणून. बावन्न वर्षं ते सुवर्ण तेवढंच खरं होतं, फक्त विचारणारा कोणी नव्हता.

तर निकाल असा. पोरा, तुझा दहा कोटींचा आकडा मान्य, पण तो पडद्याचा हिशेब आहे, माणसाचा नाही. आणि सुध्या, तू उगाच फुशारू नकोस. अली तुला मोठा वाटतो, कारण तुझ्या हाती तो तीस वर्षं मुरून आला. जेक पॉललाही मुदत द्यायला हवी. २०५४ मध्ये एखाद्याच्या अंगात त्याच्यामुळे बळ आलेलं दिसलं, तर मी हरलो. तेव्हा मी नसेन, म्हणून पैज बिनधास्त लावतो.

दिवाळीला आलात की पोराला दोन दिवस माझ्याकडे सोड. सकाळी पवनार, दुपारी देवळीचा आखाडा, आणि दुसऱ्या दिवशी नागपुरात सराव करणाऱ्या पोरी दाखवतो. मग त्यालाच पंच करू, आणि शिव्या आपण दोघं मिळून देऊ.

वहिनींना नमस्कार, पोराला आशीर्वाद.

तुझा,
विनायक