धावणाऱ्याचा जठराग्नी

घरातून निघणाऱ्या माणसाला रित्या पोटी जाऊ द्यावयाचे नाही, असा आमच्या घराचा तीन पिढ्यांचा दंडक आहे. परीक्षेस निघालेल्या मुलाच्या हातावर दही पडावयाचे, प्रवासास निघालेल्याच्या शिदोरीत दशम्या जावयाच्या. ह्या दंडकाने कोणाचे अनिष्ट होईल, असे साठी उलटेपर्यंत आम्हांस कधी वाटले नव्हते. गतवर्षी ते घडले, आणि आमच्याच हातून घडले. म्हणून ही हकीकत लिहीत आहो.

आमची धाकटी सूनबाई महाविद्यालयात शिकविते. काही वर्षांपूर्वी तिने पहाटे धावण्याचा परिपाठ ठेविला, तेव्हा घरात थोडी कुजबूज झाली. आम्ही मात्र तिची बाजू घेतली. मुलींनी सूर्यनमस्कार घालावेत म्हणून शाळेत जन्मभर कंठशोष केलेल्या मास्तराने सुनेस धावू नको म्हणावे तरी कसे? उलट, आमच्या साताऱ्यास २०१२ पासून भरणाऱ्या, यवतेश्वरच्या घाटातून जाणाऱ्या २१ किलोमीटरांच्या शर्यतीत तिने उतरावे, हे आम्हीच सुचविले. पहाटे तिची पावले वाजली की आम्ही आमच्या कुटुंबास सांगत असू, "तिला दूध द्या, डिंकाचे लाडू द्या." पेलाभर म्हशीचे दूध आणि दोन लाडू, असा नेम पडून गेला.

शर्यतीच्या आदल्या रात्री पुरणपोळी व कटाची आमटी झाली. पहाटे दूध-लाडू आम्ही स्वतः तिच्यापुढे ठेविले. तिने क्षणभर पेल्याकडे पाहिले आणि मुकाट्याने तो रिकामा केला. पुढे नातवंडांना घेऊन आम्ही शेवटच्या रेषेपाशी उभे राहिलो. सूनबाई धावत आली नाही, गाडीतून आली. घाटात पोटात अशी कळ उठली की कठड्यावर बसावे लागले, आणि दोन वांत्या झाल्या.

"अशक्तपणा आहे, खाणे वाढविले पाहिजे," असा निकाल आम्ही घरी येताच देऊन टाकिला. पण आमच्या डॉक्टरांनी निराळाच प्रश्न केला: "काय खाल्ले, आणि किती वाजता?" सूनबाईने आत जाऊन एक वही आणिली. तीन महिन्यांची टिपणे तीत होती. आम्ही चष्मा लावून वाचू लागलो. "मामंजींनी दूध ठेविले. नको म्हणवेना. सहाव्या किलोमीटरला कळ." दुसऱ्या पानावर, "आज लाडू. वाटेत थांबावे लागले." पानामागून पान तेच. पोटाची तक्रार सासऱ्यांच्या कानी घालावयाची कशी, ह्या संकोचात तिने तीन महिने काढिले होते, आणि आम्ही मात्र आमच्या औदार्यावर खूष होतो!

डॉक्टरांनी जे समजाविले ते सर्वांच्या उपयोगी पडेल. मनुष्य जोराने धावू लागला की रक्त पायांच्या स्नायूंकडे व त्वचेकडे वळते. आतड्यांकडे जाणारा रक्ताचा प्रवाह त्या वेळी पुष्कळच घटतो. श्रम कठोर असतील तर तो पाचव्या हिश्श्यावरही येऊ शकतो. त्यात प्रत्येक पावलागणिक पोटास हिसका बसतो, आणि घामाने शरीरातील पाणी उतरले म्हणजे आतड्यांची आणखी ओढाताण होते. अशा वेळी पोटात स्निग्ध, चोथ्याचे किंवा जड अन्न असेल, तर ते जठरातून पुढे सरकत नाही. मोठेपणी पुष्कळांना दुधातील साखर नीट पचत नाही. डाळी, कांदा, लसूण ह्यांतील काही अंश आतड्यांत आंबून वायू धरितो. एरवी हे पदार्थ पौष्टिकच; दोष पदार्थांचा नव्हे, वेळेचा. गुडघा दुखतो म्हणून सूनबाईने शर्यतीपूर्वी वेदनाशामक गोळी घेतली होती. तसल्या कित्येक गोळ्या धावताना आतड्यांच्या अस्तरास अपाय करितात.

हे ऐकताना आमची मान खाली गेली. चरकाच्या सूत्रस्थानात 'मात्राशितीय' नावाचा स्वतंत्र अध्याय आहे; आहाराची मात्रा ज्याच्या त्याच्या जठराग्नीच्या बळावर ठरावी, हे तेथील सूत्र. वाग्भटाने अष्टांगहृदयात व्यायाम कोणी वर्ज्य करावा हे सांगताना अजीर्णाने पीडित मनुष्यही त्यात गणला आहे. हे आम्ही विद्यार्थ्यांस अर्थासह सांगितलेले. पण घरी दुधाची मात्रा आम्ही सुनेच्या अग्नीवर नव्हे, आपल्या मायेवर ठरवीत होतो!

त्यानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने क्रम बदलला. लांब धावण्याच्या आदल्या रात्री मऊ भात, मीठ आणि नावापुरते तूप; पुरण व उसळी दुसऱ्या दिवशी. पूर्ण जेवण आणि धावणे ह्यांत तीन-चार तासांचे अंतर. पहाटे पिकलेले केळे, तेही वेळ ठेवून. तासाहून अधिक धावावयाचे असल्यास अर्ध्या लिटर पाण्यात ३० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ व लिंबू घालून घोट घोट घ्यावयाचे. ह्याहून पुष्कळ गोड केल्यास पाणी जठरात रेंगाळते. उलट, तहान नसता नुसते पाणी ढोसल्यास रक्तातील मिठाचे प्रमाण उतरून धोका संभवतो. आणि शर्यतीच्या दिवशी नवे काही खावयाचे नाही. जे घ्यावयाचे ते आधी सरावात पोटास शिकवावयाचे, कारण पायांप्रमाणे पोटासही वळण लागते. मात्र शौचावाटे रक्त पडले किंवा कळ थांबेना, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता वैद्यास गाठावे.

यंदा शर्यतीच्या पहाटे आम्ही नेहमीप्रमाणे लवकर उठलो. पेला घेण्यास गेलेला हात मागे घेतला आणि विचारिले, "सूनबाई, काय देऊ?"

"मामंजी, नुसते केळे. दूध परत आल्यावर घेईन."

तिने दोन तास बावन्न मिनिटांत ती शर्यत पुरी केली. घरी येऊन दूध मागून घेतले, आणि वर लाडूही. आमच्या घराचा दंडक अद्याप मोडलेला नाही. फक्त त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे. वाढण्यापूर्वी विचारावे, आणि 'नको' हे उत्तर आल्यास ते अनादर समजू नये, एवढे आमच्या वयाच्या वाचकांस आमचे सांगणे आहे.