वेशीच्या आंतला मुक्काम

अंथरूण पाहून पाय पसरावे, हा वाडवडिलांचा उपदेश परदेशच्या प्रवासांत अक्षरशः खरा होतो. कारण विमानाच्या भाड्याखालोखाल तेथें मोठा खर्च होतो तो अंथरुणाचाच. खाणें आवरतां येतें, खरेदी टाळतां येते, पण रात्रीं पाठ टेकावयास जागा ही लागतेच. मे २०२४ मध्यें जर्मनींतील न्यूरेंबर्ग शहरीं आम्हीं पांच रात्री काढल्या. त्या मुक्कामाची आंखणी करतांना आम्ही प्रथम कोठें चुकलों आणि ती चूक कशी सुधारली, तें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे. घरचीं मुलें परदेशीं शिकावयास गेलीं आहेत आणि नातवाचें बिऱ्हाड एकदां डोळ्यांनीं पाहावें म्हणून आजोबा पै पै बाजूस टाकीत आहेत, अशीं घरें आज आपल्यांत थोडीं नाहींत. त्यांस यांतील कांहीं उपयोगी पडेल.

आमच्या वडील बंधूंचा मुलगा न्यूरेंबर्गच्या उत्तरेस सुमारें वीस किलोमीटरांवर असलेल्या एर्लांगेन येथील विद्यापीठांत शिकत होता. हें विद्यापीठ १७४३ सालचें. नलदमयंतीची कथा जर्मन भाषेंत नेणारा कवि फ्रीडरिश रुकर्ट येथें १८२६ ते १८४१ पर्यंत पौर्वात्य भाषांचा अध्यापक होता. आमचे तीर्थरूप अण्णा यांनीं तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलेलें. त्यांस रुकर्टचें नांव ठाऊक होतें. त्याच गांवीं नातू शिकतो, हें कळल्या दिवसापासून तेथें जाण्याची इच्छा त्यांच्या मनांत घर करून राहिली. पुतण्याची वसतिगृहांतील खोली मात्र एका खाटेची. तेथें पाहुणा मावणें अशक्य. तेव्हां विमानतळ असलेल्या व जुन्या वास्तूंनीं भरलेल्या न्यूरेंबर्गांत उतरावें व एर्लांगेनला आगगाडीनें जाऊन यावें, असें ठरलें. खर्च अण्णांच्या निवृत्तिवेतनाच्या शिलकेंतून व्हावयाचा होता. त्यांनीं दोन अटी घातल्या. "माझ्यासाठीं कोणी कर्ज काढायचें नाहीं, आणि कोणाच्या खांद्यावर हात ठेवून मी गांव पाहणार नाहीं." वय पंचाहत्तर, गुडघे दुखरे, दोन तास चाललें कीं आडवें व्हावें लागे, पण अट ती अट.

आतां आमची चूक ऐका. संगणकावर हॉटेलांची यादी उघडून आम्हीं ती भाड्याच्या चढत्या क्रमानें लावली, आणि पहिल्या दहांपैकीं जें बरें दिसलें तें ठरवून टाकलें. तें शहराबाहेर, मोटारींच्या हमरस्त्याजवळ होतें. तिघांची खोली रात्रीस ८४ युरो. जुन्या शहरांत, तटाच्या आंत, तशीच खोली १०९ युरोंस होती. पांच रात्रींत सव्वाशें युरो वांचले, म्हणून आम्ही त्या रात्रीं समाधानानें निजलों. दुसऱ्या दिवशीं पुतण्याचें उत्तर आलें: "काका, तुम्ही भाडें पाहिलंत, खर्च नाहीं पाहिलात." खालीं त्यानें हिशेबच मांडला होता. बाहेरच्या हॉटेलांत न्याहारीचे माणशीं १२ युरो निराळे, म्हणजे तिघांचे ३६. बस व रेल्वे मिळून तिघांचे रोजचे निदान १५. भाड्यासह एकूण १३५. आंतल्या हॉटेलांत न्याहारी भाड्यांतच धरलेली, आणि गांव पाहावयास पायांवांचून वाहन नको, एकूण १०९. म्हणजे आम्ही रोज २५ युरो वांचविले असें समजत होतों, आणि प्रत्यक्षांत २६ युरो गमावीत होतों!

परंतु पत्राची शेवटची ओळ आम्हांस हिशेबाहून अधिक लागली. "आजोबांना दुपारीं पडायला लागतं. हॉटेल लांब असलं तर मध्यें परत जाणं व्हायचं नाहीं. ते तुम्हांला कांहीं बोलणार नाहींत. दुसऱ्या दिवसापासून 'तुम्ही जाऊन या' म्हणतील आणि खोलींतच बसतील." लिहिणाऱ्याचें वय तेवीस, पण आजोबांस तो आमच्याहून चांगला ओळखत होता. आम्हीं तें हॉटेल त्याच दिवशीं सोडलें. व्हिसासाठीं मुक्कामाचा पुरावा द्यावा लागतो, म्हणून जागा आधीं ठरवावी लागते हें खरें. परंतु दंडावांचून रद्द करतां येईल अशाच बोलीनें ती घ्यावी, येवढी सावधगिरी आम्हीं राखली होती, ती कामास आली.

न्यूरेंबर्गची रचना थोड्या पैशांत राहणारास अनुकूल आहे. पेग्निट्झ नदी जुन्या शहराच्या मधून वाहते. उत्तरेकडील भागास सेबाल्ड व दक्षिणेकडील भागास लोरेन्झ या संतांच्या देवळांवरून नांवें पडलीं आहेत. दोहोंस मिळून जो तट होता, त्यापैकीं सुमारें चार किलोमीटर अद्याप उभा आहे. मुख्य रेल्वे स्टेशन या तटाच्या आग्नेय कोपऱ्याला अगदीं लागून. रस्ता ओलांडला कीं प्रचंड गोल बुरुजाशेजारून आपण जुन्या शहरांत शिरतों. तेथून राजरस्ता लोरेन्झच्या देवळावरून, नदीवरील पुलावरून मोठ्या चौकांत आणि पुढें चढत चढत किल्ल्यापर्यंत जातो. हें सारें अंतर वीस-पंचवीस मिनिटांचें. त्यामुळें स्टेशन आणि लोरेन्झचें देऊळ यांमधील गल्ल्यांत पाहिलें, तर लहान, साधीं, घरगुती हॉटेलें सांपडतात.

याहून स्वस्त व मौजेची एक जागा आहे, ती म्हणजे किल्ल्यावरील युवक-निवास. पंधराव्या शतकाच्या अखेरीस धान्याचें कोठार म्हणून बांधलेली, पुढें बादशाही तबेला म्हणून ओळखली गेलेली ही उंच छपराची इमारत आज प्रवाशांस राहावयास मिळते; संस्थेचें सभासद व्हावें लागतें, पण कुटुंबासही खोली देतात. लहान मुलें घेऊन जाणारांनीं तिचा अवश्य विचार करावा. आम्हीं तो मोह आवरला, कारण दररोजची चढण अण्णांच्या गुडघ्यांस झेपणारी नव्हती.

हॉटेल ठरविण्यापूर्वीं पत्र लिहून चार गोष्टी विचाराव्या. पाळणा, म्हणजे लिफ्ट, आहे काय, आणि तो रस्त्याच्या पातळीपासून चढतो काय? आम्हांस उत्तर आलें कीं सहा पायऱ्या चढल्यावर पाळणा लागतो. सहा पायऱ्या म्हणजे कांहीं जिना नव्हे, म्हणून आम्हीं होकार दिला. स्नानगृह खोलींत आहे कीं मजल्यावर सामाईक? न्याहारी भाड्यांत धरली आहे काय? रात्रीं उशिरां पोहोंचल्यास दार उघडावयास कोणी असतें काय? लहान हॉटेलांतून रात्रीं माणूस नसतो, ही गोष्ट पुष्कळांस ऐनवेळीं कळते. ऋतूही पाहावा. जानेवारीच्या अखेरीस भरणारा खेळण्यांचा व्यापारी मेळा आणि डिसेंबरांत २४ तारखेपर्यंत चालणारा नाताळचा बाजार या दिवसांत भाडीं एकदम चढतात. बर्लिनसारख्या कांहीं शहरांत मुक्कामावर निराळा कर द्यावा लागतो; न्यूरेंबर्ग ज्या बव्हेरिया प्रांतांत आहे तेथें असा कर बसविण्यास २०२३ पासून कायद्यानेंच मनाई आहे. लहानशी बाब, पण काटकसर लहान बाबींचीच असते.

आम्ही एका शनिवारीं दुपारीं पोहोंचलों. विमानतळाभोंवतींच्या भाजीपाल्याच्या सुपीक प्रदेशास क्नोब्लाउखस्लांड म्हणतात. याचा अर्थ 'लसणीचा मुलूख' हें पुतण्यानें सांगतांच, चातुर्मासांत कांदालसूण न शिवणाऱ्या आमच्या सौ. हंसूं लागल्या. चालकावांचून धावणाऱ्या भुयारी गाडीनें पंधरा मिनिटांच्या आंत स्टेशन गांठलें, आणि तेथून सामान ओढीत पायींच हॉटेलांत गेलों. रविवारीं दुकानें बंद असतात, म्हणून दूध, दहीं, फळें व पाव त्याच संध्याकाळीं आणून ठेविलीं. न्यूरेंबर्गची ख्याति मांसाच्या बोटाएवढ्या सॉसेजांबद्दल आहे. तेथें आपलें काम नाहीं. बटाट्याच्या कोशिंबिरींतही डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असण्याचा संभव असतो. विचारल्यावांचून खाऊं नये. सकाळची पोटभर न्याहारी, दुपारीं खोलीवर दहीं-पोहे आणि रात्रीं एखादें गरम सूप, यांवर आमचें उत्तम निभावलें.

अण्णा पहांटे पांचास उठणारे. दुसऱ्याच दिवशीं, आम्ही जागे होण्यापूर्वींच, ते काठी घेऊन एकटे बाहेर पडले आणि सातास परत आले. लोरेन्झचें देऊळ, पूल, नदीच्या पात्रावर कमानींवर उभारलेलें जुनें धर्मार्थ रुग्णालय, चौकांतील उंच सोनेरी कारंजें, यांचें वर्णन त्यांनीं न्याहारीच्या वेळीं आम्हांस ऐकविलें. पुढें हाच क्रम पडला. पहांट त्यांची एकट्यांची. मग सर्वांची दोन तासांची फेरी. एक ते साडेतीन विश्रांति. आणि संध्याकाळीं पुन्हां थोडें. अशा तुकड्यातुकड्यांनीं आम्हीं सारें पाहिलें. अल्ब्रेश्ट ड्यूरर या चित्रकारानें १५०९ सालीं घेतलेलें आणि १५२८ पर्यंत, मरेपर्यंत, वापरलेलें घर पाहिलें. आणि एक संबंध दिवस एर्लांगेनला जाऊन नातवाची एका खाटेची खोलीही अण्णांनीं पाहिली; टेबलावरील पुस्तकें एक एक हातांत घेऊन पाहिलीं.

तिसऱ्या दिवशीं न्याहारीच्या खोलींत एक गोष्ट घडली. भिंतीवर एक जुनें छायाचित्र होतें: नजर पोंचेल तेथवर दगडमातीचे ढीग, आणि त्यांतून वर आलेले देवळाचे दोन मनोरे. हॉटेलच्या वृद्ध मालकीणबाईंस अण्णांनीं पुतण्याकरवीं विचारलें, "हें कोणतें गांव?" बाई म्हणाल्या, "हेंच. ही आपलीच गल्ली."

२ जानेवारी १९४५ च्या रात्रीं झालेल्या बाँबवर्षावांत हें जुनें शहर सुमारें नव्वद टक्के उद्ध्वस्त झालें. ज्यास आम्ही चार दिवस 'प्राचीन' म्हणत होतों, तें बहुतेक पुन्हां उभारलेलें होतें. युद्धानंतर सगळेंच नव्यानें बांधावें काय, असा प्रश्न पडला असतां नगरवासीयांनीं जुन्या गल्ल्यांची आंखणी कायम ठेवली, मोठीं देवळें व तट दुरुस्त केले, आणि बाकीचीं घरें साधीं पण जुन्या उंचीचीं, उतरत्या छपरांचीं बांधलीं. आपलें पापही त्यांनीं झांकलें नाहीं. याच शहरीं नाझी पक्षाचे मेळावे भरत, आणि येथेंच १९३५ सालीं ज्यूंचे हक्क काढून घेणारे कायदे झाले. त्या मैदानावर आज त्या काळाचें संग्रहालय आहे. १९४५-४६ चा खटला ज्या दालनांत चालला, तेंही लोकांस दाखविण्यांत येतें. मोठ्या चौकांतलें मरियेचें देऊळ १३४९ सालीं ज्यूंची कत्तल करून पाडलेल्या त्यांच्या प्रार्थनामंदिराच्या जागीं उभें आहे, हेंही तेथें कोणी लपवीत नाहीं.

अण्णा त्या चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. मग हलकेच म्हणाले, "पानशेतच्या पुरांत आमचा वाडा गेला." १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां ते बारा वर्षांचे होते, नदीकांठच्या पेठेंत बिऱ्हाड होतें. पुढें कुटुंब नव्या वसाहतींत राहावयास गेलें. हें आम्हांस ठाऊक होतें. पण त्यांच्या तोंडून त्यापलीकडे कधीं ऐकलें नव्हतें. "वाडा पडायचाच होता, तें कांहीं नाहीं," ते म्हणाले. "पण तो कुठें होता, तें आज मला तुम्हांला दाखवतां यायचं नाहीं. या बाईंना दाखवतां येतं." बाईंनीं त्यांस रस्त्यावर नेलें आणि घराच्या पायाचे काळवंडलेले दगड कोणते व वरचे नवे कोणते, तें हात लावून दाखविलें. अण्णांनींही त्या दगडांस हात लावला. दोघांस एकमेकांची भाषा येत नव्हती. पुतण्याही त्या वेळीं कांहीं बोलला नाहीं.

शेवटच्या दिवशीं पहांटे पुतण्या पहिल्या गाडीनें आला, तो आजोबांबरोबर फिरावें म्हणून. आम्ही मागून चालत होतों. अण्णा काठी टेकीत पुढें, आणि दोन वर्षें तेथें शिकणारा नातू त्यांच्या मागें. एका वळणावर नातू उजवीकडे वळूं लागला, तों अण्णा म्हणाले, "इकडून नको, बाळ, त्या गल्लीला पायऱ्या आहेत. डावीकडून चल, पुलावर निघतं." आणि खरोखरच ती वाट पुलावर निघाली.

घरीं आल्यावर हिशेब केला, तो ठरविलेल्या रकमेंतून थोडी शिल्लक उरली होती. ती अण्णांस परत दिली. वाचकांस आमचें सांगणें येवढेंच कीं, परगांवीं जागा शोधतांना भाड्याच्या आंकड्यापाशीं थांबूं नये. आपल्यांत जो सर्वांत हळू चालतो, त्यास तेथून एकट्यानें बाहेर पडून एकट्यानें परत येतां येईल काय, हें आधीं पाहावें. ज्या जागेबद्दल या प्रश्नाचें उत्तर 'होय' असें येईल, ती चार युरो महाग दिसली तरी स्वस्तच समजावी.