वाळू, उजेड आणि जाळं

९ जानेवारी २०२५
पहाटे आमच्या किनाऱ्यावरच्या कासवमित्र दादांचा फोन आला, ‘‘बाई, कासव चढलंय.’’ टॉर्चला लाल कागद गुंडाळून गेले, तोवर अंडी घालून झाली होती. मादी मागच्या पायांनी खड्ड्यात वाळू लोटत होती. मग सगळं अंग या कुशीवरून त्या कुशीवर टाकत ती जागा दाबू लागली. तो धपधप आवाज पार सुरूच्या बनापर्यंत येत होता. डोळ्यांतून चिकट पाणी ओघळत होतं. लोक त्याला रडणं म्हणतात. खरं तर पोटात गेलेलं जास्तीचं मीठ ऑलिव्ह रिडले डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून बाहेर टाकते.

ती पाण्यात शिरल्यावर दादांनी घरटं उकरलं. हातभर खोल, तळाशी सुरईसारखं फुगलेलं. ११२ अंडी. जशी होती तशीच, न उलटता, हॅचरीत आणली आणि तेवढ्याच खोल, तेवढ्याच रुंद खड्ड्यात पुरली. पाटीवर तारीख आणि आकडा लिहिला.

कुत्र्याकोल्ह्यांपासून ती आता सुरक्षित आहेत. २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं वेळासला काम सुरू केलं, तेव्हा अंड्यांना भीती माणसापासूनच होती. आज कोकणात किनाऱ्या-किनाऱ्यावर कासवमित्र उभे आहेत. ‘‘मग आता धोका कसला?’’ असं पाहुणे विचारतात. यंदाच्या हंगामात त्याचं उत्तर या वहीत लिहीत जायचं ठरवलं आहे.

२ फेब्रुवारी
ओहोटीच्या वेळी खडपाशी हिरव्या नायलॉन जाळ्याचं मोठं भेंडोळं लागलं होतं. त्यात मादी. जिवंत, पण डाव्या फ्लिपरभोवती दोरा इतका आवळलेला की कातडी कापून आत रुतला होता. जखम पांढरी पडली होती, म्हणजे बरेच दिवस ती हे ओझं ओढत असणार. कोयतीनं एकेक पीळ कापताना तिनं दोनदा तोंड वर करून श्वास घेतला. कासवाला फुप्फुसं असतात. वर येता आलं नाही तर ते समुद्रातच बुडून मरतं. वनखात्याला कळवलं, त्यांची गाडी येऊन तिला उपचारासाठी घेऊन गेली.

संध्याकाळी बंदरावर तांडेलांशी बोलले. ते म्हणाले, ‘‘जाळं काय कोण हौसेनं टाकतं, बाई? तळाला खडकात गुतलं की तोडायलाच लागतं.’’ खरं आहे. पण पूर्वी सुताचं जाळं तुटलं तर कुजून जायचं. नायलॉन कुजत नाही. धनी नसलेलं ते जाळं वर्षानुवर्षं मासे, कासवं, डॉल्फिन धरत राहतं. चालू जाळ्यात संरक्षित प्राणी सापडला आणि मच्छीमारानं जाळं कापून त्याला सोडलं, तर राज्य सरकार २०१८ पासून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं. आमच्या बंदरावर तिचा उपयोगही झाला आहे. तुटलेलं जाळं परत किनाऱ्यावर आणणाऱ्यालाही चार पैसे मिळाले, तर निम्मं काम होईल, असं तांडेलांचं म्हणणं. मला ते पटलं.

२५ फेब्रुवारी
शिशिर संपलेला नाही आणि कोकणात उष्णतेच्या लाटेचा इशारा. दुपारी वाळूवर चप्पल काढवत नव्हती. पहाटे नवं घरटं मिळालं होतं, ९७ अंडी. ती पुरून झाल्यावर हॅचरीवर हिरव्या शेडनेटचा दुसरा थर चढवला.

ही सावली केवळ अंडी जगावीत म्हणून नाही. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे गर्भधारणेच्या वेळी ठरत नाही. अंडं वाळूत असतानाच्या मधल्या काळात घरट्यात किती ऊब आहे, त्यावर ठरतं. साधारण २९-३० अंशांच्या आसपास दोन्ही होतात. त्याहून गार वाळूत नर जास्त, गरम वाळूत माद्या जास्त. आणखी तापली, ३४-३५ अंशांच्या पुढे रेंगाळली, तर गर्भच दगावतात. एवढ्या चार-पाच अंशांच्या पट्ट्यात या जातीचं पुढचं सगळं बसलेलं आहे.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या लहान कासवांत ९९ टक्क्यांहून अधिक माद्या निघाल्या. किनाऱ्यावर घरटी भरपूर, पिल्लं भरपूर, सगळं आलबेल दिसतं. आणि दोन-तीन दशकांनी जोडीला नरच नसेल. अशी जात मोजणीत वाढत असतानाच संपू लागलेली असते.

३ मार्च
जानेवारीतल्या घरट्याची वाळू काल सायंकाळी खचली होती. आज पहाटे टोपली उचलली, तर खाली नुसती वळवळ. त्रेपन्नाव्या दिवशी पिल्लं वर आली. ती पुळणीवर सोडली, पाण्यापासून चांगली लांब. थेट लाटेत सोडायचं नाही, हा नियम. त्यांना वाळूवरून चालायला मिळालंच पाहिजे, आपला किनारा ती याच वाटेत ओळखतात असं मानतात. पाहुण्यांची मुलं दोरीमागे श्वास रोखून उभी होती. हजारात एखादंच मोठं होतं, असा अंदाज आहे, आणि मोठं व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात. म्हणून प्रौढ मादी जाळ्यात मरते तेव्हा ते एका कासवाचं मरण नसतं.

१४ मार्च
काल होळी. शिमग्याची पालखी खालच्या वाडीत होती. पुळणीलगतच्या रस्त्यावर मोठे हॅलोजन रात्रभर चालू.

सकाळी हॅचरीकडे जाताना सुरूच्या बनाजवळ बारीक रांगोळीसारख्या खुणा दिसल्या. आमच्या नजरेतून सुटलेलं एक घरटं रात्री फुटलं होतं. खुणा समुद्राकडे जायला हव्या होत्या. त्या घरट्यापासून पंखा उघडावा तशा उलट्या दिशेला, रस्त्याकडे गेल्या होत्या. काही बनातल्या सुयांमध्ये थांबल्या होत्या. तिथं पिल्लांना मुंग्या लागलेल्या. काही डांबरापर्यंत पोचल्या होत्या. जिवंत तेवढी उचलून ओल्या वाळूच्या टोपलीत ठेवली आणि संध्याकाळी सोडली.

अंधाऱ्या किनाऱ्यावर सर्वांत उजळ भाग म्हणजे समुद्रावरचं क्षितिज. पिल्लू त्या उजेडाकडे चालतं. लाखो वर्षं ही खूण बिनचूक होती. आता रिसॉर्टचे फोकस, हायमास्ट, रस्त्याचे दिवे तिला खोटं ठरवतात. सांडपाणी, प्लास्टिक, तेलाचा तवंग यांना आपण प्रदूषण म्हणतो, कारण ते डोळ्यांना खुपतं. दिवा कोणाला खुपत नाही, पण या पिल्लांच्या दृष्टीनं तोही विषाइतकाच मारक आहे.

१२ एप्रिल
फेब्रुवारीतलं घरटं आज फुटलं, शेहेचाळिसाव्या दिवशी. जानेवारीच्या घरट्यापेक्षा आठवडाभर आधी. ऊब जास्त तितके दिवस कमी; घरट्याचा काळ हाच इथला थर्मामीटर. दुहेरी शेडनेट, वर सकाळ-संध्याकाळ पाण्याचे फवारे, तरीही.

नियमाप्रमाणे न फुटलेली अंडी उघडून पाहिली. काहींत नुसतं पिवळं पाणी. दहा-बारांत पूर्ण वाढलेली पिल्लं होती: पाठीचे खवले आलेले, फ्लिपर दुमडलेले, पोटाशी बलक शिल्लक. अखेरच्या दिवसांत त्यांना उष्मा सोसला नाही, असा आमचा अंदाज. दादांनी ती वाळूत पुरली आणि वहीत आकडा मांडला. बाकीची जगली, पण त्यांत नर किती असतील हे बाहेरून पाहून कोणालाच सांगता येत नाही.

१८ एप्रिल
मोठी बातमी. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर टॅग लावलेली मादी यंदा जानेवारीत आमच्या गुहागरला अंडी घालून गेली. समुद्रमार्गे हे अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची ऑलिव्ह रिडले वेगळी, असं आजवर धरून चालायचो.

आनंद झाला आणि काळजीही वाटली. ज्या कासवाला आपण ‘आमचं’ म्हणतो ते ओडिशा, आंध्र, तमिळनाडू, श्रीलंका, केरळ, गोवा एवढ्यांच्या ट्रॉलरमधून, पिशव्यांमधून आणि तेलातून वाट काढत येतं. वाटेतला एक पट्टा जरी बिघडला, तरी आमच्या हॅचरीचं कुंपण त्याला पुरं पडणार नाही.

१ मे
महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा. तांडेल, दादा आणि मी मिळून तीन गोष्टी मांडल्या. नोव्हेंबर ते मे पुळणीकडचे दिवे रात्री दहानंतर बंद; जे लागतीलच त्यांना खाली वाकवलेली झाकणं आणि पिवळसर दिवे. तुटलेली जाळी जमा करायला बंदरावर जागा. हॅचरीला पक्क्या सावलीसाठी ग्रामपंचायतीकडून पैसे. पालखीच्या दिव्यांवरून वाद झाला. शेवटी मानकऱ्यांनीच सांगितलं की पुढल्या वर्षी पालखी उतरल्यावर हॅलोजन बंद करू. ठराव झाला.

गावाच्या हातात एवढं होतं, ते गावानं केलं. उजेड विझवता येतो, जाळं गोळा करता येतं, वाळूवर सावली धरता येते. वाळू तापवणारा धूर मात्र इथं निघत नाही. तो शहरांच्या वीजकेंद्रांतून, गाड्यांतून, कारखान्यांतून निघतो आणि त्याचा हिशेब हातभर खोलीवरच्या अंड्यांत लागतो. पुढल्या हंगामात पिल्लं पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला मी फुटलेल्या अंड्यांच्या आकड्याशेजारी घरट्याचं तापमानही दाखवणार आहे. आमचा किनारा राखायची जबाबदारी त्यांच्याही घरापर्यंत पोचते, हे त्यांना स्पष्ट सांगायलाच हवं.