बदामी भिंत, पण कुठल्या उजेडात?

2002 साली कार्ल ग्लेझब्रुक आणि इव्हान बाल्ड्री या खगोलशास्त्रज्ञांनी दोन लाखांहून अधिक दीर्घिकांचा प्रकाश एकत्र करून अख्ख्या विश्वाचा सरासरी रंग काढला. उत्तर आलं फिकट फिरोजी. जगभर बातम्या झाल्या आणि काही आठवड्यांतच चूक सापडली. गणित करणाऱ्या प्रणालीत ‘पांढरा’ कशाला म्हणायचं, तेच चुकलं होतं. ते सुधारल्यावर हाती आला दुधाळ बदामी, आणि त्याचं नाव पडलं ‘कॉस्मिक लाटे’. म्हणजे विश्वाला शेवटी कॉफीच्या पेल्यात बसवलं. तारे तेच, प्रकाशही तोच. पांढऱ्याचं माप बदललं आणि फिरोजीचा बदामी झाला. शेड कार्ड घेऊन दुकानात ताटकळणाऱ्यांसाठी याहून उपयोगी खगोलशास्त्र नाही.

कारण बदामी, क्रीम, बिस्किटी या छटांमध्ये स्वतःचा रंग असतोच किती? टिटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा बेस, त्यात पिवळ्या-तांबड्या ऑक्साइडचे काही थेंब आणि काळ्याचा एखादा. एवढ्याशा भांडवलावर भिंत जे दाखवते, ते मुख्यतः खोलीतल्या उजेडाचं काम. 6500 केल्विनच्या निळसर ट्यूबखाली तिच्यातला पिवळा मरतो आणि भिंत मळकट दिसते. 2700च्या दिव्याखाली तीच भिंत उबदार होते. गडद निळी भिंत या दोन्ही दिव्यांखाली निळीच राहते. बदामीला ती मिजास परवडत नाही.

हा भित्र्यांचा रंग, शिवाय परकी फॅशन, असा आक्षेप घेतात. बिल्डर तो देतो कारण कुणी तक्रार करत नाही, हे खरंच. पण त्यातले पिवळे-तांबडे थेंब लोहाचे. गेरूतलं लोह तेच, कोकणातल्या जांभ्याला रंग देणारंही तेच; तेव्हा या छटेला परकी फॅशन म्हणणं मला तरी पटत नाही. मातीच्या भिंतीही भडक नसत. रंगांची हौस लुगड्यांनी, घासलेल्या पितळेनं आणि दारावरच्या तोरणानं भागवली. मागची भिंत गप्प असली की सागवानी कपाटाला बोलता येतं. मग सरळ पांढराच का नको? जुने लोक चुन्यात नीळ घालत, ती पिवळेपणा मारायलाच. ट्यूबलाइट तेच काम फुकटात करते, आणि पांढरी खोली दवाखान्यासारखी थंड पडते. बदामीवर डाग लपतात, ही शिफारस मात्र खोटी. स्विचबोर्डाभोवतीचे बोटांचे ठसे निघणार की नाही, हे रंगाच्या छटेपेक्षा तो किती धुता येतो यावर ठरतं.

म्हणून सगळ्यात छोटा डबा आणा, दोन भिंतींवर दोन-दोन फुटांचा पट्टा दोन हात देऊन रंगवा आणि रात्री, घरातले नेहमीचे दिवे लावून, बघा. तो मळका वाटला तर आधी ट्यूब बदला. ट्यूब बदलायची नसेल, तर बदामीच्या वाटेला जाऊ नका.