मधल्या खुर्चीचा मान

२५ मे २०२० रोजी देशातली विमानं पुन्हा उडू लागली आणि जूनमध्ये साहेबांनी मला एका सहीसाठी दिल्लीला धाडलं. घोडबंदर रोड असा मोकळा, की मानपाड्याहून पाऊण तासात विमानतळ! एरवी तेवढ्यात कापूरबावडीचा सिग्नलही सुटत नाही.

विमानात मधली खुर्ची माझी. नियमाने मधल्याला अंगभर झगा. शिवाय मास्क, वर फेसशील्ड. खाणं बंद. शेजारचे गृहस्थ शिंकले, तेव्हा अख्ख्या विमानाने श्वास रोखला.

परतल्यावर हातावर शिक्का आणि चौदा दिवस बंद खोली. दाराखालच्या फटीतून आईची पावलं तेवढी दिसत. ताट ठेवून ती विचारी, "विमानातून समुद्र दिसला का रे?"

"दिसला हो!" मी सांगे. वाफाळलेल्या चष्म्यातून दिसला होता फक्त झगा. पण पावलं समाधानाने परत जात.