आधी आस, मग घर

वाळवा-कराड पट्ट्यात ज्याचा ऊस आहे त्याला रात्री रानात झोपावं लागतं. शेतीची थ्री-फेज लाइट कधी दिवसा येते, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की पाणी पाजायला माणूस रानात हवाच. पूर्वी मळ्यात खोप असायची, नाहीतर बांधावर बाज टाकून घोंगडं पांघरायचं. आता उसात बिबट्या आहे. कराड, पाटण, शिराळा भागात बिबट्याची मादी उसाच्या फडातच पिलं घालते आणि तोडणीच्या दिवसांत ती टोळीला सापडतात. घोणस आणि नाग पहिल्यापासून आहेतच. म्हणून मी चाकांवरची बंद खोली बांधली. दोन माणसं आडवी होतील एवढी, जीपमागे किंवा लहान ट्रॅक्टरमागे जोडता येईल अशी, आणि मागचं झाकण उचललं की चहा टाकता येईल अशी.

हा घाट मूळचा अमेरिकेतला. १९३०च्या दशकात तिथं लोक घरच्या घरी अशा गाड्या बांधू लागले. पुढून फुगीर, मागं निमुळती, बाजूनं पाहिली तर थेंबाच्या आकाराची, म्हणून तिला टिअरड्रॉप म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर तिचा प्रसार वाढला. १९४७ मध्ये ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ मासिकानं तिचे नकाशेच छापले. तिची मापं प्लायवूडच्या आठ बाय चारच्या पत्र्याला धरून बेतलेली असतात, त्यामुळे एका पत्र्यातून एक बाजू निघते. आत उभं राहता येत नाही आणि ते बरोबरच आहे. उंची वाढली की वजन वाढतं, गाडी वारा धरते आणि वळणावर कलते.

बांधकाम बघायला येणारे गादीची रुंदी विचारायचे, खिडकी कुठं, पंखा बसणार का, ते विचारायचे. बैलगाड्या करण्यात आयुष्य घालवलेल्या एका म्हाताऱ्या सुतारानं मात्र वाकून खालचा सांगाडा पाहिला. टाके मारून झाले होते, पक्कं वेल्डिंग बाकी होतं. मी म्हटलं, “आबा, आस मधोमध घेतोय.” ते म्हणाले, “चाक पक्कं करू नकोस. वर काय काय येणार ते आधी सांग.”

दोन चाकांच्या गाडीचं सगळं शास्त्र त्या दोन वाक्यांत आहे. बैलगाडी भरताना माल मागं जास्त पडला तर गाडी उलाळ होते. जू वर उचललं जातं, जोती बैलांच्या गळ्यात रुततात आणि चढावर तर जनावर गुदमरतं. माल पुढं जास्त पडला तर सगळा भार मानेवर येतो आणि खांदेसूज होते. चांगला गाडीवान पोती रचताना जू एका हातानं उचलून बघतो आणि मग शेवटची दोन पोती पुढं की मागं ते ठरवतो. माण-खटाव, आटपाडीकडची खिलार जोडी पोराबाळांसारखी सांभाळणारे शेतकरी या बाबतीत फार कडक असायचे. पुसेगावला, खरसुंडीला यात्रेला निघालेल्या गाडीत माणसं, वैरण, पाण्याची घागर, शिधा असा सगळा संसार असे आणि रात्री त्याच गाडीत नाहीतर गाडीखाली झोपणं होई. प्रवासातली झोपायची गाडी आपल्याकडं तेव्हाही होती. तिचा तोल सांभाळणारे लोक आता कमी होत चाललेत, याचं मला फार वाईट वाटतं.

हाच नियम मोटारीमागच्या ट्रेलरला लागतो, फक्त जुवाच्या जागी हुक येतो. हुकावर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पडावा, असा जगभरातला अनुभव आहे. त्याहून बराच कमी पडला तर ट्रेलर मागं शेपूट हलवायला लागतो. वेग वाढला की ते हेलकावे आपोआप थांबत नाहीत, वाढत जातात. हे समजायला पुस्तक लागत नाही. गळीत हंगामात कारखान्याकडं निघालेल्या ट्रॅक्टरमागची दुसरी ट्रॉली उतारावर कशी डोलते, ते सांगली-साताऱ्यात सगळ्यांनी पाहिलं आहे. तिच्या मागून मोटारसायकल नेणारा माणूस आपोआप अंतर ठेवतो. बैलाला दुखलं की तो मान झटकतो, थांबतो. जीप काहीच सांगत नाही. म्हणून मोटारीमागच्या गाडीचा तोल बैलगाडीपेक्षा जास्त काटेकोर हवा, असं माझं मत आहे.

इस्लामपूरजवळच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये ‘सारथी’ नावाचं एक साधन केलं. ऊस वाहणाऱ्या बैलगाडीला पुढं, दोन बैलांच्या मधे, तिसरं चाक लावलं, म्हणजे मानेवरचा भार त्या चाकावर जातो आणि बैल फक्त ओढतो. कारखान्याच्या वाटेवर टायरगाडीत टनावारी ऊस भरून चढाला गुडघे टेकणारी जनावरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना त्या चाकाचं मोल कळेल. माझ्या दृष्टीनं त्या पोरांनी प्रश्न बरोबर पकडला. ओझं किती आहे याच्या आधी ते कुठं टेकलंय हे पाहायला पाहिजे.

आता हिशेब सांगतो, कारण बांधणाऱ्याला तोच लागतो. हुकापासून आसापर्यंत अडीच मीटर अंतर धरा. मागच्या स्वयंपाकाच्या खणात शेगडी, लहान सिलिंडर, भांडी आणि वीस लिटरचा पाण्याचा कॅन मिळून ६० किलो झाले आणि ते आसाच्या मागं पाऊण मीटरवर आले, तर हुकावरचा भार १८ किलोनं उतरतो. साठाला पाऊणनं गुणायचं, अडीचनं भागायचं. उलट २५ किलोची बॅटरी पुढं दांडीवरच्या पेटीत, आसापासून दोन मीटरवर ठेवली, तर हुकावर २० किलो चढतात. म्हणजे एक बॅटरी अख्ख्या मागच्या स्वयंपाकघराचा तोल सांभाळते. ४०० किलोच्या गाडीला हुकावर ४० ते ६० किलो हवेत. सामान कागदावर मांडून, त्याच्या वजनावरून आस किती मागं न्यायचा ते ठरवायचं, आणि मगच स्प्रिंगच्या पाट्यांचे ब्रॅकेट वेल्ड करायचे. माझा आस खोलीच्या मध्यापासून वीतभर मागं गेला. सगळं भरल्यावर गाडी सपाट जागी घ्यायची, हुकाच्या उंचीचा ठोकळा बेदाण्याच्या शेडवरच्या प्लॅटफॉर्म काट्यावर ठेवायचा आणि त्यावर दांडी टेकवायची. तासगावकडं असा काटा मिळायला अडचण नाही. ठोकळ्याचं वजन वजा करून जो आकडा येईल तो खरा. कॅन रिकामा करून पुन्हा वजन घ्यावं, कारण परतीच्या वाटेवर पाणी संपलेलं असतं.

उभ्या गाडीचं गणित वेगळं. जीप सोडली आणि दोन माणसं मागच्या कडेला बसली की गाडी लगेच उलाळ होते. म्हणून मागं दोन आणि पुढं एक असे टेकू हवेत. टेकू लावल्याशिवाय कुणाला आत जाऊ देऊ नये. आमच्या काळ्या रानात टेकवाखाली फळी घालावीच लागते, नाहीतर रात्रीतून तो रुतत जातो.

सांगाड्याबद्दल थोडक्यात सांगतो. चौकोनी पाइप, आडवे अँगल, आणि दोन्ही कर्ण सारखे भरेपर्यंत फक्त टाके. गुण्यात नसलेल्या सांगाड्यावर पुढचं काहीच सरळ बसत नाही. वेल्डिंग एका कोपऱ्यातून सलग मारत गेलं की पाइप ओढला जातो, म्हणून समोरासमोरचे कोपरे आळीपाळीनं घ्यायचे. १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि लोखंडी नांगर निघू लागले, तेव्हापासून या भागात लोखंड हाताळणाऱ्यांची वाण नाही. पलूस, विटा, कराड, कुठंही जा, टाका कसा मारायचा ते शिकवणारा माणूस भेटतो.

मला सगळ्यात जास्त जीव लावावा लागला तो बाजूच्या वळणाला. खोलीची पाठ कुठं वाकणार आणि किती, यावर छत बसणार की तडकणार ते ठरतं. कागदावर कंपासनं काढलेलं वळण प्लायवर मोठं केलं की जिथं दोन कमानी मिळतात तिथं ते मोडल्यासारखं दिसतं. सुतारआबांनी बांबूची लांब कामटी मागवली. सगळीकडं सारखी तासलेली, गाठी घासून काढलेली. प्लायवर थोडे खिळे ठोकले, कामटी त्यांच्यामधून वाकवली आणि तिला तिच्या अंगानं बसू दिली. एखादा खिळा तिला जबरदस्तीनं दाबत असेल तर तो काढायचा. मग पेन्सिल फिरवायची. छताचा तीन मिलिमीटरचा प्लायही त्याच तऱ्हेनं वाकतो, त्यामुळे कामटीला जे वळण सोसलं ते छतालाही सोसतं. सवारीच्या गाडीवर टप चढवताना याच कामट्या वाकवत असत. आबांच्या हाताला तो अंदाज होता, माझ्या टेपला नव्हता. बाजू कापताना दोन्ही पत्रे एकावर एक क्लॅम्प करून एकदमच कापले, म्हणजे डावी-उजवी तंतोतंत एक.

प्लाय घेताना आयएस ७१० हा शिक्का बघून घ्यावा. तो मरीन प्लाय. आयएस ३०३ घरातल्या कपाटाला ठीक आहे, पावसात उभ्या राहणाऱ्या गाडीला नाही. अठरा मिलिमीटरचा एक पत्रा पस्तीस किलोच्या आसपास भरतो, म्हणून बाजूंना बारा मिलिमीटर पुरे. छताला तीन मिलिमीटरचे दोन थर, मधे गोंद, आणि सांधे एकमेकांवर येऊ द्यायचे नाहीत. प्लाय पोटातून सहसा कुजत नाही, कडेतून कुजतो. कापलेली प्रत्येक कड, प्रत्येक स्क्रूचं भोक, दिव्याच्या वायरचं भोक, सगळ्यांना इपॉक्सीचे हात द्यावेत. कोयनेच्या खोऱ्यात पाऊस आडवा येतो आणि झाकणाच्या फटीतून पाणी वरसुद्धा चढतं. झाकणाच्या वर पत्र्याची पन्हाळ काढली नाही तर पहिल्याच आषाढात गादीला कुबट वास येतो.

झोपणाऱ्याचे पाय स्वयंपाकाच्या ओट्याखाली जातात, त्यामुळे आठ फुटांतच दोन्ही गोष्टी बसतात. पण ओटा आणि खोली यांच्यामधली भिंत सलग हवी. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर तळाशी साठतो. म्हणून सिलिंडरच्या खणाला तळाशी बाहेरच्या बाजूला भोकं ठेवायची, आणि आत शेगडी किंवा शेकोटीची पाटी कधीही न्यायची नाही. पौषात पाचगणीसारखी थंडी पडली तरी दोन खिडक्या बोटभर उघड्याच ठेवाव्यात. दोन माणसांच्या श्वासानं सकाळी छत आतून ओलं होतं, आणि कोंडलेल्या खोलीत निखाऱ्याचा विषारी वायू जीव घेतो. या बाबतीत मी कुणाचीही भीड ठेवत नाही.

राहिला रस्ता. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येत ट्रेलरसुद्धा मोटार वाहनच आहे. नोंदणीशिवाय तो सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही, आणि घरी बांधलेल्या ट्रेलरला नोंदणीपर्यंत नेणं एकट्या माणसाला फार अवघड आहे. देवराष्ट्रेचे दत्तात्रय लोहार यांनी जुने भाग जुळवून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप केली, ती देशभर गाजली. आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं, ती नियमात बसत नाही आणि कधीतरी अडवली जाणार हेही सांगितलं, आणि २०२२ मध्ये बदल्यात बोलेरो दिली. नियम असायलाच हवेत. उतारावर डोलणारी ट्रॉली पाहिलेला माणूस दुसरं काही म्हणणार नाही. माझी गाडीही माझ्याच रानाच्या वाटेवर फिरते, डांबरीवर जात नाही.

महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्याच्या जोडीला परिवहन खात्यानं घरी बांधलेल्या हलक्या ट्रेलरसाठी एक सोपी वाट काढावी. जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात गाडी न्यावी. तिथं एकूण वजन, हुकावरचा भार, सुरक्षा साखळी, मागचे दिवे आणि वेल्डिंग तपासून दाखला मिळावा. आणि त्या दाखल्यावर आरटीओनं स्वतः गाडी पाहून निर्णय द्यावा. कराड, सांगली, इस्लामपूरच्या महाविद्यालयांकडं ही तपासणी करायची कुवत आहे. तोपर्यंत जे बांधायला घेणार आहेत त्यांना एवढीच विनंती आहे की गाडी आपल्या बांधाच्या आत ठेवा, आणि आस वेल्ड करण्याआधी सगळं सामान काट्यावर चढवा.