पांढऱ्या शिफॉनची गोष्ट

शिफॉनची साडी म्हटली की यश चोप्रांच्या नायिका आठवतात. मागे स्वित्झर्लंडचा बर्फ आणि पुढे वाऱ्यावर उडणारा पदर! पण ही साडी आपल्या देशात आली ती त्या सिनेमांच्या कितीतरी आधी, आणि ती रूढ करण्याचं श्रेय दिलं जातं एका मराठी राजकन्येला. बडोद्याच्या इंदिराराजे गायकवाड, म्हणजेच लग्नानंतरच्या कूचबिहारच्या महाराणी इंदिरादेवी. त्यांची ती साडी पांढरी होती, आणि तो रंग त्यांनी हौसेने निवडलेला नव्हता. म्हणून आज त्यांच्याविषयी चार ओळी.

इंदिराराजे 1892 सालच्या. वडील सयाजीराव महाराज, ज्यांनी 1906 मध्ये आपल्या संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. आई चिमणाबाई, 1927 साली पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षा. अशा घरातली मुलगी कॉलेजात गेली यात नवल नाही. तिचं लग्न मात्र ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलं. ते विवाहित होते आणि वयानेही बरेच मोठे. 1911 च्या दिल्ली दरबारात इंदिराराजेंची कूचबिहारच्या राजपुत्र जितेंद्र नारायण यांच्याशी ओळख झाली आणि त्यांनी स्वतःच ग्वाल्हेरला पत्र पाठवून ठरलेलं लग्न मोडलं. सुधारक आई-वडिलांनाही हे पचलं नाही. शेवटी 1913 मध्ये लंडनला लग्न झालं, तेव्हा माहेरचे आई-वडील हजर नव्हते. त्याच वर्षी दिरांचं निधन झालं आणि जितेंद्र नारायण गादीवर आले.

डिसेंबर 1922 मध्ये तेही गेले. इंदिरादेवींचं वय तीस, पदरी पाच मुलं, आणि थोरला मुलगा जेमतेम सात वर्षांचा. मुलगा सज्ञान होऊन 1936 मध्ये त्याच्या हाती कारभार येईपर्यंत त्याच्या वतीने राज्य त्यांनीच पाहिलं.

बंगालच्या रीतीप्रमाणे विधवेने पांढरं नेसायचं. इंदिरादेवींनी पांढरं नेसलं, पण ते फ्रेंच शिफॉन होतं. जरीकाठाच्या जड रेशमापेक्षा हलकं आणि सुती साडीपेक्षा भारदस्त. साडीला पुरेल अशा पन्ह्याचं हे कापड त्या फ्रान्सहून मागवत. पुढे बाकीच्या राजघराण्यांतल्या बायकांनी ते उचललं, मग मुंबई-कलकत्त्याच्या श्रीमंत घरांनी, आणि मग सिनेमाने. विधवेची ओळख पटावी म्हणून नेसायला लावलेला रंग, आणि तो पाहून सवाष्णी तशी साडी मागू लागल्या!

इंदिरादेवी काही साध्वी नव्हत्या. युरोपातल्या मेजवान्या आणि जुगाराचे अड्डे त्यांना चांगले परिचयाचे होते. फ्लॉरेन्सचे प्रसिद्ध चर्मकार साल्वातोरे फेरागामो यांच्याकडे त्यांनी एकदा शंभर जोड पादत्राणांची मागणी नोंदवली, आणि काहींवर जडवायला मोती नि हिरे स्वतःच्या संग्रहातून दिले. हे सगळं संस्थानच्या पैशावर, हेही विसरू नये. कूचबिहारच्या एखाद्या शेतकऱ्याच्या विधवेला पांढऱ्या सुती कापडातच जन्म काढावा लागत असणार, आणि तिची साडी पाहून कुणी तशी साडी मागायला गेलं नसणार. मग फरक साडीत होता की नेसणारीच्या हुद्द्यात?

रंगाचा विचार करा. 1840 साली राणी व्हिक्टोरियाने लग्नात पांढरा पोशाख घातला, त्यावर इंग्लंडातल्या हॉनिटनची हाताने विणलेली लेस होती. तेव्हापासून युरोपात नवरीचा रंग पांढरा असं जवळजवळ ठरूनच गेलं. 1861 मध्ये पती वारल्यावर तीच राणी पुढची चाळीस वर्षं काळ्या कपड्यांत राहिली. आपल्याकडे ब्राह्मण घरांतल्या सोवळ्या बायकांना लाल आलवण, बंगालात पांढरं. आणि आपण राहतो त्या जेद्द्याच्या विमानतळावर पांढऱ्या दोन न शिवलेल्या वस्त्रांतले यात्रेकरू आपण पाहतोच. तिथे राजा आणि हमाल एकाच कापडात. एकच रंग कुठे नवरीचा, कुठे विधवेचा, कुठे सगळ्यांना सारखं करणारा.

मी रसायनशास्त्रातली, त्यामुळे मला पांढरा रंग म्हणजे पडलेला जवळजवळ सगळा प्रकाश परत पाठवणारं कापड, एवढंच दिसतं. मंगल-अमंगल ओळखण्याची कुठलीही परीक्षा आमच्या प्रयोगशाळेत नाही. रेशमाबद्दल मात्र आम्हाला थोडं सांगता येतं. कोशातून निघालेल्या कच्च्या रेशमावर एक डिंकासारखं आवरण असतं. साबणाच्या गरम पाण्यात ते काढलं की वजन साधारण पाव भागाने घटतं आणि झळाळी येते. शिफॉनचा सुळसुळीत, किंचित चुरचुरीत स्पर्श येतो तो धाग्याला दिलेल्या भरपूर पिळामुळे. हे पांढरं रेशीम जपणं कठीण, कारण उन्हाने आणि घामाने ते पिवळं पडतं. तेव्हा इथल्या उन्हात गच्चीवर वाळत घालू नका. कपडे पांढरे करण्याचं क्लोरीनचं पाणी तर रेशमाला अजिबात लावू नका, त्याने धागाच खाल्ला जातो. प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी जुन्या धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा आणि दोन-तीन महिन्यांनी घडी बदला. बलदमध्ये शिफॉन घेताना शंका आली तर एक सुटा धागा मागून घ्या आणि घरी जपून जाळून पाहा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली तर रेशीम. वितळून टणक मणी झाला तर पॉलिएस्टर.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. बाबा गेल्यानंतर आई पहिल्यांदा आमच्याकडे जेद्द्याला आली तेव्हा संक्रांत होती. एका मैत्रिणीकडे हळदीकुंकू. मी आईला तयार हो म्हटलं, तर ती म्हणाली, "तुम्ही जा गं, मी मुलांकडे बघते." मुलांकडे बघायला त्यांचे बाबा घरी होते. मी आग्रह केला, तर म्हणाली, "अगं, त्यांना अवघड वाटायला नको." स्वतःला काय वाटतं ते तिने सांगितलं नाही. ती बाई चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवत होती, निम्मं गाव तिच्या हाताखालून गेलेलं. यजमाणीणबाईंनी तिला नको म्हटलं नव्हतं, कुणीच म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच पडत नाही, इतकं ते आपल्यात मुरलेलं आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड हे गाव तुम्हाला आठवत असेल. मे 2022 मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीने ठराव केला की पतीच्या निधनानंतर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं हे गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनी हा कित्ता गिरवावा असं सुचवलं. एका खेड्याला जे जमलं ते आपल्यासारख्या शिकल्यासवरल्या, समुद्रापार आलेल्या मंडळींना जड जाऊ नये.

म्हणून कार्यकारिणीपुढे मी दोन साध्या सूचना ठेवल्या आहेत. संक्रांतीच्या निमंत्रणावर नावाआधी 'सौ.' छापू नये. आणि 'सर्व सुवासिनींना' ऐवजी 'घरातल्या सर्व स्त्रियांना, पाहुण्या आलेल्या आई, सासूबाई, आत्या, मावशी यांच्यासह' असं स्पष्ट लिहावं. स्पष्ट लिहिणं महत्त्वाचं, कारण न लिहिलेल्या आमंत्रणाचा अर्थ आपल्या आया नेहमी स्वतःच्या विरुद्धच लावतात. कुंकू लावायचं की नाही हे जिचं तिने ठरवावं. तिळगूळ आणि वाण मात्र सगळ्यांना सारखं.

कुणाला वाटेल की रीत कशी मोडायची? एरवी सणासुदीला वर्ज्य मानलेला काळा रंग संक्रांतीला आपण हौसेने नेसतोच ना? म्हणजे रंगाचा अर्थ बदलणं आपल्याला जमतं. इंदिरादेवींना भरल्या सभेत बसता आलं ते त्या महाराणी होत्या म्हणून. आपल्या दिवाणखान्यात बसायला कुणाच्या आईला महाराणी असावं लागू नये.

या सूचनांवर पुढच्या बैठकीत चर्चा आहे. भगिनींनी तर यावंच, पण पुरुष मंडळींनीही यावं. आया त्यांनाही आहेत.